माकडांची शीव

गाडेकरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते भोकरदनच्या बसस्टँडवर, १९८४ साली. अंबडहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरला त्यांनी पायरीवरच अडवलं होतं. स्वतःची जाडजूड वेणी खांद्यावरून पुढं घेऊन त्या ती आधी लांबच्या लांब ताणून धरत, मग मधोमध दुमडून अर्धी करत होत्या.

“इतकं, का इतकं?”

कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत मारून अगदी गंभीरपणे वेणीकडं पाहत होता. थोड्या वेळानं म्हणाला, “लांबडं व्हतं बाई. फांदीवरून पार खाली लोंबून राह्यलं होतं.”

बाई अशा खुलल्या की जणू त्यानं लेक पहिली आल्याची बातमी आणली होती. आजूबाजूला कुणी हसत नव्हतं. स्टँडवरच्या लोकांना हा प्रकार नवा नव्हता, हे मला नंतर कळलं. मी तिथं ट्रंक घेऊन उभी होते. बदनापूरच्या शेतकऱ्याची मुलगी, नुकतीच बी.एड. झालेली, भोकरदनच्या शाळेत मराठी शिकवायला आलेली. मी त्यांना शाळा कुठं विचारलं. उत्तर देण्याआधी त्यांनी माझ्या ट्रंकेची एक कडी धरली आणि चालायला लागल्या.

“कुठल्या तुम्ही?”

“बदनापूरची.”

“तुमच्याकडं माकडं येतात का?”

मी म्हटलं, मी तर कधी पाहिली नाहीत.

“म्हंजे असतील. तू पाह्यली न्हाईस.”

ट्रंकेसकट आम्ही शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत मी ‘तुम्ही’ची ‘तू’ झाले होते, आणि त्यांच्या शेजारची खोली मला भाड्यानं मिळणार हेही ठरून गेलं होतं.

त्या भूगोल शिकवत. शेवंता गाडेकर. धनगराची लेक. वडिलांचा मेंढ्यांचा कळप होता, आणि दहा-बारा वर्षांच्या होईपर्यंत त्या कळपामागं अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीच्या काठापर्यंत चाललेल्या होत्या. पुढं एका मास्तरांनी वडिलांना गळ घालून त्यांना वसतिगृहात ठेवलं. लग्न लवकर झालं, नवरा लवकर गेला. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. एकदा एवढंच म्हणाल्या होत्या, की माणूस चांगला होता, हसरा होता, त्याच्या वाटणीचंही मीच हसून घेते. आणि खरंच त्या दोन माणसांचं हसत. वर्गात हसल्या की पलीकडच्या दोन वर्गांतली मुलं उगाचच हसायला लागायची आणि हेडमास्तर दारात येऊन उभे राहायचे.

माकडांचं खूळ त्यांना कसं लागलं, ते मी शाळेतल्या सगळ्यांकडून ऐकलं आणि मग त्यांच्याच तोंडून कितीतरी वेळा.

धावड्याच्या पुढं डोंगराच्या कुशीत एक खोरं आहे. तिथं मारुतीचं लहानसं देऊळ, समोर दगडी दीपमाळ आणि पावसाळ्यानंतरही बरेच दिवस पाणी धरणारं कुंड. शाळेची सहल तिथं गेली होती. जालना जिल्हा तेव्हा नवाच झाला होता, आणि बाई मुलांना सांगत होत्या की आपल्या जिल्ह्यातली माकडं म्हणजे उत्तरेकडची, आखूड शेपटाची. पुस्तकात तसंच दिलेलं होतं. तेवढ्यात एक माकड दीपमाळेवरून उतरलं, बाईंच्या पाठीमागून आलं, आणि मुलींनी हट्टानं त्यांच्या अंबाड्यात माळलेला अबोलीचा गजरा ओढून घेऊन पुन्हा वर जाऊन बसलं. पोरं खिदळायला लागली. बाई रागानं वर पाहायला लागल्या आणि पाहतच राहिल्या. माकडाची शेपटी दीपमाळेवरून दोरासारखी खाली सुटली होती. डोक्यावरचे केस मधोमध भांग पाडून, गोल टोपी घातल्यासारखे चापून बसवलेले. ते निवांतपणे एकेक फूल तोडून खात होतं.

“अगं बाई,” त्या म्हणाल्या, “मी तर पोरांना चुकीचं शिकवून राह्यले.”

दुसऱ्या दिवशी वर्गात पहिलं वाक्य तेच. काल सांगितलं ते खोडा. आणि पुढं खोडून काय लिहायचं, ते मात्र त्यांनाही माहीत नव्हतं. तिथून सुरुवात झाली.

गोष्ट अशी होती. आपण ज्याला नुसतं माकड म्हणतो, त्यातली दोन वेगळी असतात. काळ्या तोंडाचं मोठं वानर ते निराळंच, ते सोडा. लाल तोंडाच्या माकडांतलं एक उत्तरेकडचं, आखूड शेपटाचं, मागच्या अंगाला तांबूस. ते हिमालयाच्या पायथ्यापासून खाली आपल्यापर्यंत पसरलेलं. दुसरं हे टोपीवालं. चणीनं जरा लहान, शेपूट अंगापेक्षा लांब. ते फक्त दक्षिण भारतात. साऱ्या जगात दुसरीकडं कुठंच नाही. दोघांची हद्द कुठं, तर पुस्तक म्हणे पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी.

“आन् मधी?” बाई फळ्यावर तापीची रेघ ओढत, गोदावरीची रेघ ओढत, आणि दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेवर खडू आपटत. “मधी आपण. पुस्तक लिहिणारा हितं आलाच न्हाई. तिकडून तापी बघितली, हिकडून गोदावरी बघितली, मधी झोप लागली त्याला गाडीत.”

ही मधली शीव शोधायची असं त्यांनी ठरवलं. त्यासाठी त्यांच्याजवळ काय होतं? उन्हाळ्याची सुट्टी, एस.टी., भाऊ दगडू याचा मेंढ्यांचा कळप, आणि वेणी. माकड कोणतं हे नुसतं विचारून कळत नाही. लोक म्हणतात, माकड ते माकड. म्हणून मग ही वेणीची युक्ती. पूर्ण वेणी म्हणजे टोपीवालं, दुमडलेली म्हणजे आखूड शेपटाचं. जाफराबादच्या, घनसावंगीच्या, अंबडच्या कंडक्टरांना त्यांनी अशी सवय लावली होती की काही जण गाडीतून उतरायच्या आधीच खिडकीतून हातानं खूण करायचे.

त्यामुळं त्यांचं एक बोलणं शाळेत म्हण झालं होतं: “आधी शेपूट बघा, मंग बोला.” शिक्षकांच्या खोलीत कुणी कुणाबद्दल काही कुजबुजलं, की बाई तपासत असलेल्या पेपरांतून मान वर न करता विचारायच्या, “शेपूट पाह्यलं का तू?” पुष्कळशा गोष्टी तिथंच संपायच्या.

त्यांच्या खोलीत भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा होता. त्यावर त्या टिकल्या चिकटवायच्या. टोपीवाल्यांना काळी, आखूड शेपटाला लाल. एका विधवा बाईनं दर महिन्याला टिकल्यांची पाकिटं घ्यावीत याचं बांगड्यांच्या दुकानातल्या बशीरभाईंना मोठं नवल वाटे. कितीतरी दिवस त्यांनी अदबीनं काही विचारलं नाही. मग एकदा न राहवून विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, माकडांसाठी. त्या एका शब्दावर गावात अशी वार्ता पसरली की गाडेकरबाई डोंगरात जाऊन माकडांना टिकल्या लावतात. पुढच्या खेपेला बशीरभाईंनी भीतभीत विचारलं, “बाई, वो चुपचाप लगवा लेते?” हे सांगताना बाई अंथरुणावर आडव्या पडून हसायच्या. खरं काय ते त्यांनी बशीरभाईंना घरी बोलावून नकाशा दाखवून सांगितलं. तेव्हापासून टिकल्यांच्या पाकिटाबरोबर बशीरभाई बातमीही द्यायला लागले. त्यांची बहीण शहागडला दिलेली होती.

शहागड गोदावरीच्या काठावर. आणि माझं लग्न जुळलं तेही त्याच गावातल्या मुलाशी. म्हणजे खरं तर बाईंनीच जुळवलं.

पाहायचा कार्यक्रम बदनापूरला आमच्या घरी होता. माझ्या बाजूनं थोरलं माणूस म्हणून बाई आल्या होत्या. मुलाकडचे बसले, पोहे झाले, माझ्या वडिलांनी विहिरीचं, बैलांचं विचारलं. बाई शांत बसल्या होत्या आणि मला त्याचीच धास्ती होती. मुलाचे वडील म्हणाले, तुम्हालाही काही विचारायचं असेल तर विचारा. बाईंनी वेणी पुढं घेतली.

मी डोळे मिटून घेतले. कानावर आलं ते असं, की शहागडच्या पुलाजवळच्या झाडांवर जी माकडं असतात त्यांचं शेपूट इतकं का इतकं. सासरे होणारे गृहस्थ पोह्यांची बशी धरून तसेच. माझी आई पदर तोंडाशी धरून आत गेली. आणि मग मुलाचा, दिगंबरचा, आवाज आला. त्याचा तो मी ऐकलेला पहिलाच आवाज.

“पुलाच्या अलीकडची का पलीकडची?”

बाई म्हणाल्या, “का? वेगळी हायेत का?”

त्यानं सांगितलं की पलीकडची लांब शेपटाची, डोक्यावर भांग पाडल्यासारखी. अलीकडं पहिल्यापासून काही नव्हती, पण दोनेक वर्षांपासून दोन-चार आलीत, ती वेगळी दिसतात, शेपूट आखूड आहे. पुलावरून जात-येत मात्र नाहीत.

बाई माझ्या वडिलांकडं वळल्या. “दादा, पोरगा चांगला हाय. बघून बोलतो.” आणि मग मुलाच्या वडिलांना समजावं म्हणून म्हणाल्या, “पोरगी बी चांगली हाय. पण तिला माकडं दिसत न्हाईत, ते तुमच्या पोरानं शिकवावं.”

लग्नानंतर दिगंबरला भोकरदनच्या बाजार समितीत नोकरी मिळाली आणि आम्ही तिथंच राहिलो. बाई आमच्या घरी येत त्या माझ्यापेक्षा त्याच्याशीच जास्त बोलायला.

धावड्याचा प्रसंग त्यानंतर दोनेक वर्षांनी घडला. भादवा संपत आला होता, मका कणसात आली होती. एका रविवारी सकाळी दगडू, बाईंचा भाऊ, पायीच आमच्या दाराशी आला आणि म्हणाला, अक्का कुठं हाय, धावड्याला पिंजरे आल्येत.

बाई, दिगंबर आणि मी दगडूबरोबर मिळेल त्या गाडीनं निघालो. गावातल्या मारुतीच्या पारासमोर एक टेम्पो उभा होता आणि त्याच्याजवळ लोखंडी पिंजरे. एका पिंजऱ्यात एक मादी होती, पोटाशी पिल्लू. तिनं पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठ टेकली होती आणि लांब शेपूट गजातून बाहेर आलं होतं. पकडणारा माणूस उत्तरेकडचा, मध्यम वयाचा, बिडी ओढत टेम्पोच्या पायरीवर बसला होता. बाई त्याच्या शेजारी जाऊन बसल्या. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी त्याला पाणी हवं का विचारलं, आणि मग विचारलं की ही माकडं नेऊन कुठं सोडतोस.

त्यानं सरळ सांगितलं. जिथं रस्त्याला वस्ती नसेल तिथं. कधी घाटात, कधी धरणाजवळ. एका शहरातली पकडून त्यानं चार-पाच वर्षांमागं गोदावरीच्या अलीकडं, शहागडच्या रस्त्याला सोडली होती. ती आखूड शेपटाची होती, हेही तो सहज बोलून गेला.

दिगंबर माझ्याकडं पाहायला लागला. पुलाच्या अलीकडची दोन-चार.

कितीतरी उन्हाळे ज्या शीवेमागं त्या हिंडल्या, नदी पाहिली, डोंगर पाहिला, पाऊस पाहिला, ती शीव एक माणूस टेम्पोत घालून फिरवत होता, आणि त्याला त्याचं काही माहीतही नव्हतं. बाई हळूच म्हणाल्या, “म्हंजे मी नकाशावर टिकल्या लावून राह्यले, आन् हा मागून काढून राह्यला.”

पारावर सारं गाव जमलं होतं. सरपंच सर्जेराव भला माणूस. त्यांनी बाईंना वर बसायला सांगितलं आणि अडचण मांडली. मका, भुईमूग, मिरचीची रोपं, माकडं काहीच ठेवत नव्हती. आधी खोऱ्यातल्या देवळापाशी असायची, आता गावात येतात, पोरांच्या हातातली भाकर नेतात.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. की ही माकडं फक्त आपल्याकडची आहेत, दक्षिणेची, आणि ती इथवर पोचून थांबतात. तुम्ही यांना उचललं तर जागा मोकळी राहणार नाही. उत्तरेकडची खाली सरकून राहिलीत, ती येऊन बसतील. ती यांच्यापेक्षा दांडगी असतात. आणि तुमची माकडं हा दुसऱ्या गावाच्या दारात टाकणार, तर दुसऱ्या गावाची कधीतरी तुमच्या दारात पडणारच.

लोक ऐकत होते. तेवढ्यात जनाबाई नावाची म्हातारी उठली. तिच्या ओच्यात अर्धवट कुरतडलेली कणसं होती. तिनं ती पारावर बाईंच्या पुढ्यात ठेवली.

“बाई, तुमचं सगळं बराबर हाय. पण तुमचा पगार माकड खात न्हाई.”

बाईंनी एक कणीस उचललं, फिरवून पाहिलं, आणि म्हणाल्या, “खरं हाय मावशी तुमचं.”

मग त्या कणसावरचे दातांचे व्रण निरखत राहिल्या. सर्जेरावांना वाटलं, झालं, बोलणं संपलं. पिंजरेवाला बिडी विझवून उभा राहिला. तेव्हा बाईंनी दगडूला हाक मारली आणि त्याच्या खांद्यावरची गोफण मागितली.

पदर कमरेला खोचला. पारावरून उतरल्या, वाटेतला एक गोल खडा उचलला, गोफणीत बसवला. समोर, पार ओढ्याच्या पलीकडं, बांधावरच्या खांबाला कुणीतरी पाखरं हाकायला रिकामा डबा टांगला होता. बाईंनी गोफण डोक्यावर गरगरा फिरवली. चष्मा, चापून नेसलेलं पातळ, आणि तो गोफणीचा सूं सूं आवाज. कुणाला काही कळायच्या आत ठाण्णकन आवाज आला आणि डबा खांबाभोवती गिरक्या घ्यायला लागला.

कुत्री भुंकायला लागली. गावातली बायामाणसं एकदम हसायला लागली. जनाबाईसुद्धा.

“मारायचं न्हाई,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “नुसता आवाज काढायचा. मी मेंढरं राखलीत मावशी, मका बी राखीन. माझा भाऊ राखंल.”

दगडूला आपण काय राखणार आहोत, ते त्याच क्षणी कळलं. तो म्हणाला, अक्का, दिवाळीआधी मला गोदावरीकडं निघायचंय. बाई म्हणाल्या, कणसं निघेस्तोवर थांब. मग बरीच बोलाचाली झाली. शेवटी असं ठरलं, की दगडू आणि त्याचे दोन भाऊबंद डोंगराच्या अंगाला शेताच्या कडेनं मेंढ्यांचे वाडे टाकून राहतील, त्यांची कुत्री आणि गोफणी राखणीला. मका निघाली की मेंढ्या त्याच रानात चरायला आणि बसायला. मेंढ्या बसलेल्या रानात लेंडीखतानं पुढच्या साली पीक कसं येतं हे धावड्यात कुणाला सांगायची गरज नव्हती. मेंढ्या आपल्या रानात आधी बसाव्यात म्हणून तिथंच दोघांची हमरीतुमरी सुरू झाली.

सर्जेरावांनी पिंजरेवाल्याला त्याचा खर्च देऊन टाकला. बाईंनी पिंजऱ्याचं दार स्वतः उघडलं. मादी बाहेर यायला तयार होईना. बाई बाजूला सरकल्या, आम्हा सगळ्यांना सरकायला लावलं. मग ती निघाली, पारावरून वडावर, वडावरून देवळाच्या शिखरावर. पिंजरेवाला तिच्याकडं पाहत म्हणाला, “शेपटी वाकई लंबी है.” बाईंनी वळून त्याच्याकडं असं पाहिलं की जणू वर्गातल्या मागच्या बाकावरच्यानं बरोबर उत्तर दिलं. पुढं तो माणूस कधी भोकरदनवरून गेला तर शाळेच्या फाटकाशी टेम्पो थांबवून बाईंना सांगून जायचा, कुठून आणली, कुठं सोडली. बाई त्याला दर वेळी रागावायच्या आणि दर वेळी चहा पाजायच्या.

राखण तर झाली, पण माकडं गावात उतरत होती त्याला आणखी एक कारण होतं. दर शनिवारी खोऱ्यातल्या मारुतीला येणारे लोक त्यांना नारळ, फुटाणे, केळी द्यायचे. बाईंचं म्हणणं, माकडाला हातातलं खायची सवय आपणच लावली. पुजारीबाबा ऐकेनात. माकड म्हणजे मारुतीचं रूप, त्याला उपाशी ठेवायचं? बाईंनी वाद घातला नाही. त्या वर्षी प्रत्येक शनिवारी सकाळची शाळा सुटली की त्या पहिल्या गाडीनं जाऊन पायऱ्यांवर बसायला लागल्या. येणाऱ्याला हात जोडून म्हणायच्या, फुटाणे मारुतीपुढं ठेवा आणि पोरांना वाटा, माकडांना नको. एक म्हातारे गृहस्थ चिडून म्हणाले, तुम्हाला पाप लागेल. बाई म्हणाल्या, लागू द्या, सगळ्यांचं मिळून एकटीला लागू द्या, माझा हिशेब मी वर जाऊन बघते. दिवाळीपर्यंत पुजारीबाबांनाच त्यांची कीव आली असावी. कारण एका शनिवारी आम्ही गेलो तर ते स्वतःच काठी घेऊन पायरीवर बसले होते, आणि बाईंसाठी बाजूला पोतं अंथरलेलं होतं.

जनाबाईनं त्या साली बाईंना मक्याची कणसं पाठवली. चांगली भरलेली. सोबत निरोप होता, की ही माकडानं सोडलेली नाहीत, आम्ही सोडलेली आहेत.

पुढची वर्षं अशीच गेली. नकाशावर लाल टिकल्या हळूहळू खाली सरकत होत्या, हे खरं. दर उन्हाळ्यात एखादी काळी टिकली बाई नखानं काढत आणि तिच्या जागी लाल लावत. तेव्हा त्यांचा चेहरा उतरायचा. पुस्तकात टोपीवाल्या माकडाच्या नावापुढं सर्रास असं लिहिलेलं असे, की हे पुष्कळ आहे, काळजीचं कारण नाही. त्या वाक्याचा त्यांना भारी राग. म्हणायच्या, “गिधाडं बी पुष्कळच व्हती. मेंढरू मेलं की दगडूला हाकलता यायची न्हाईत. आता दाखव मला एक.” मग म्हणायच्या, जे रोज दारात दिसतं त्याच्याकडं कुणी बघत नाही, आणि ते गेलं हे कळायलाही वेळ लागतो.

पण खट्टू होऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. खोऱ्यातली टोळी टिकून होती, आणि तेवढी एक काळी टिकली नकाशाच्या वरच्या टोकाला होती, चारी बाजूंनी लाल. तिच्याकडं बोट दाखवून त्या पाहुण्यांना सांगायच्या, की हे आमचं सगळ्यांत वरचं गाव. जणू ते त्यांच्या माहेरचं होतं.

त्या निवृत्त झाल्या आणि दगडूकडं राहायला गेल्या. माझी बदली बदनापूरला झाली. बाई आता नाहीत. गेल्या तेव्हा मी दूर होते आणि मला उशिरा कळलं. पण त्याच्या आदल्या वर्षी, हिवाळ्यात, मी आणि दिगंबर त्यांना घेऊन खोऱ्यात गेलो होतो. ती त्यांची-माझी शेवटची भेट.

त्यांचे गुडघे दुखत होते तरी त्या आमच्या पुढं चालत होत्या. देवळापाशी एकही माकड नव्हतं. पुजारीबाबाही आता नव्हते, त्यांचा मुलगा होता. तो म्हणाला, असतात, वरच्या बाजूला असतात, पण माणसाजवळ येत नाहीत आता. बाईंना हे ऐकून इतका आनंद झाला की त्यांनी त्याला आशीर्वादच दिला. मग आम्ही कुंडाच्या वर एका सपाट खडकावर बसलो. वाटेत घेतलेली सीताफळं खाल्ली. वाट पाहिली. काही दिसेना. ऊन छान होतं. बाई म्हणाल्या, मी जरा पाठ टेकते, दिसली तर उठवा. आम्ही दोघं झाडाखाली सावलीला सरकलो.

आधी एक नर आला. कड्यावरून खाली पाहत बसला. मग एकेक करत सगळी टोळी उतरली, कुंडाकडं. वाट बाईंच्या खडकावरूनच होती. दिगंबरनं माझ्याकडं पाहिलं, उठवू का म्हणून. मी मानेनंच नको म्हटलं. हालचाल केली असती तर ती पळाली असती. बाई उताण्या निजल्या होत्या, तोंडावर पदर, हलकंसं घोरणं. माद्या त्यांना वळसा घालून पाण्याकडं गेल्या. एक पिल्लू मात्र थांबलं. त्यानं बाईंच्या चपलेचा वास घेतला. मग सीताफळाच्या बियांचा. मग पदराचं टोक दोन बोटांत धरून अगदी हळू उचललं, वाकून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तितक्याच हळू परत ठेवलं.

बाई उठल्या तेव्हा डोंगर रिकामा होता. त्या आम्हाला रागवायला लागल्या. इतका वेळ झोपू दिलं, आता एखादं तरी दिसेल का. मग आम्ही सांगितलं. आधी त्यांचा विश्वास बसेना. दिगंबरनं पदर कसा उचलला ते करून दाखवलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खाली उतरेस्तोवर मला तेच परत परत सांगायला लावलं. कुठल्या हातानं उचलला? आणि मी काय करून राहिले होते तेव्हा?

धावड्याच्या फाट्यावर त्यांची गाडी आधी आली. आम्ही त्यांना खिडकीशी बसवलं. शेजारी एक अनोळखी बाई होती, मांडीवर भाजीची पिशवी घेतलेली. गाडी हलली तेव्हा गाडेकरबाईंना आमच्याकडं पाहायलाही सवड नव्हती. त्या शेजारणीला काहीतरी सांगत होत्या. मान मागं टाकून, डोळे मिटून, तोंडावर पदर घेऊन त्या स्वतः कशा झोपल्या होत्या ते करून दाखवत होत्या. शेजारीण खिदळत होती. आणि पदराआडून बाईंचा हात हळूहळू वर येत होता, दोन बोटांत पदराचं टोक धरून.